हुसको, हेवा, वाज आणि लाज : ‘इनसाइड आउट २’ पाहिलेल्यांची मते

‘इनसाइड आउट २’ हा सुमारे दीड तासाचा अॅनिमेशनपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा गोव्यातील शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि पावसाने चांगलाच जोर धरला होता. दुसऱ्या रविवारी, सांजांव या गोव्यातील पावसाळी सणाच्या आदल्या दिवशी, आम्ही फोंड्याहून पणजीला जाऊन तो पाहिला. सासूबाई, दीर, त्यांची तेरा वर्षांची मुलगी, माझा सात वर्षांचा मुलगा, शाळेतील एक सहकारी शिक्षिका आणि मी, असे आम्ही सहा जण होतो. परतीच्या बसमध्ये बाणस्तारीचा पूल येईपर्यंत सहा जणांची सहा मते झाली होती आणि त्यांतले एकही मला टाकाऊ वाटले नाही. पुढील काही आठवड्यांत शाळेतल्या पालकांशी आणि शेजाऱ्यांशीही या चित्रपटाविषयी बोलणे होत राहिले. ही सगळी मते एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा चित्रपटाची बलस्थाने आणि उणिवा मला एकटीने पाहिल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसल्या. म्हणून हे लिहीत आहे.

कथा थोडक्यात सांगते. २०१५ मधील पहिल्या भागात रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातील पाच भावना, म्हणजे आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस, एका नियंत्रण-फळ्यावर बसून तिचे वागणे चालवत होत्या. आता रायली तेरा वर्षांची झाली आहे, दातांना तारा लागल्या आहेत, आणि एका रात्री त्या फळ्यावरचा वयात येण्याचा लाल दिवा पेटतो. कामगारांची टोळी येऊन सगळी तोडफोड करते, नवा फळा बसवते, आणि सकाळी त्याला नुसते बोट लावले तरी रायली आईवर ओरडते किंवा हुंदके देऊन रडते. त्याच सुमारास आइस हॉकीच्या तीन दिवसांच्या शिबिराला निघालेल्या रायलीला गाडीत कळते की, तिच्या दोन जिवलग मैत्रिणी पुढच्या वर्षी वेगळ्या हायस्कुलात जाणार आहेत. फळ्यापाशी चार नव्या भावना दाखल होतात, आणि त्यांच्यातली नारिंगी रंगाची, विस्कटलेल्या केसांची, पुष्कळ बॅगा घेऊन आलेली अँक्झायटी हळूहळू सगळा कारभार आपल्या हाती घेते.

बर्फावरची हॉकी आमच्यापैकी कोणी खेळलेले नाही, पण मैत्रिणींची ताटातूट आमच्या मराठी प्राथमिक शाळेत दरवर्षी एप्रिलमध्ये घडते. चौथी संपली की मुले पाचवीसाठी निरनिराळ्या इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलांत पांगतात. चार वर्षे एका बाकावर बसलेल्या मुली शेवटच्या दिवशी एकमेकींच्या वहीत नावे लिहून देतात, आणि जूनमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या गणवेशांत एकाच बसथांब्यावर उभ्या दिसतात. त्यामुळे गाडीतला तो प्रसंग पाहताना माझी सहकारी पुटपुटली, “ही तर आपली चौथी.” रायली त्या क्षणी रडत नाही, ती ‘काही हरकत नाही’ असे म्हणून हसते. मुलांचे ते हसणे शिक्षकांना ओळखता येते.

आम्ही इंग्रजी खेळाला गेलो, कारण हिंदी खेळाची वेळ परतीच्या बसच्या दृष्टीने सोयीची नव्हती. हिंदी आवृत्तीत रायलीला अनन्या पांडे यांनी आवाज दिला आहे. मराठीत हा चित्रपट आलेला नाही. सासूबाईंना इंग्रजी संवाद समजत नसल्याने त्यांच्या कानाशी हळू आवाजात अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या कामामुळे मला हा चित्रपट अधिक चांगला कळला. भीती आणि अँक्झायटी या दोघींतला फरक चित्रपटातच सांगितलेला आहे: डोळ्यांना दिसणाऱ्या संकटापासून भीती रायलीला जपते, तर अद्याप न दिसलेल्या, पुढे कदाचित येऊ शकणाऱ्या संकटांची तयारी अँक्झायटी करते. मी प्रथम ‘चिंता’ म्हटले. सासूबाईंनी मान हलवली नाही. मग ‘धास्ती’ म्हटले, ‘धाकधूक’ म्हटले. पडद्यावर ती नारिंगी बाई एकाच वेळी चार कळा दाबत होती. सासूबाई क्षणभर पाहत राहिल्या आणि घरच्या कोकणीत म्हणाल्या, “हो हुसको.” त्यानंतर संपूर्ण चित्रपटभर आमच्या रांगेत तिचे नाव हुसको असेच राहिले, आणि मला अजूनही त्याहून नेमका शब्द सापडलेला नाही. चिंतेला काहीतरी कारण सांगता येते, धास्ती कोणाची तरी असते. हुसको मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर विनाकारण छातीत येऊन बसतो.

इतर तिघांची नावे ठरवणेही असेच उद्बोधक झाले. मोठ्या डोळ्यांची, हिरवट-निळी, बोटभर उंचीची जी एन्व्ही आहे, तिला मी ‘मत्सर’ म्हणणार होते. परंतु मत्सरात दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा दडलेली असते, आणि ही बिचारी तर वरच्या वर्गातील मुलींचे केस, त्यांची टोळी, त्यांचा खेळ पाहून नुसती हरखून जाते, ते आपल्यालाही मिळावे एवढेच मागते. तो ‘हेवा’ आहे. सोफ्यावर लोळत मोबाइलवरून फळा चालवणारी जांभळट भावना, जिचे मूळ नाव फ्रेंच आहे, तिच्यासाठी मराठीत ‘कंटाळा’ आणि कोकणीत ‘वाज’; यात तेरा वर्षांच्या पुतणीला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. गुलाबी रंगाचा, टोपीच्या दोऱ्या ओढून तोंड लपवणारा तो थोराड, अबोल गडी म्हणजे लाज खरी, पण त्याच्यासाठी ‘ओशाळलेपण’ हाच शब्द मला अधिक जवळचा वाटतो, कारण चारचौघांत काहीतरी चुकल्यावर कानाच्या पाळ्या तापतात तीच ही भावना. या पात्रांची रूपे इतकी विचारपूर्वक रेखाटलेली आहेत की शब्द कळला नाही तरी भावना कळते, आणि सासूबाईंनी हे पुन्हा पुन्हा बोलून दाखवले. मध्येच एक छोटी म्हातारी दार उघडून डोकावते आणि अजून तुझी वेळ झालेली नाही असे सांगून तिला परत पाठवले जाते; ती जुन्या आठवणींची ओढ आहे हे मी सांगितल्यावर सासूबाई मनापासून हसल्या आणि पुढे ती पुन्हा कधी येते याची वाट पाहत राहिल्या.

आता पुतणीविषयी. ती म्हार्दोळच्या परिसरातील एका बालभजन पथकात गाते, आणि आदल्या वर्षी भजन स्पर्धेत आपला चरण सुरू करण्याची वेळ आली तेव्हा तिचा घसा कोरडा पडून शब्दच फुटला नव्हता. त्यावर घरात कधी फारसे बोलणे झाले नाही. चित्रपटाच्या शेवटाकडे रायली सामन्यात गोल करण्याच्या हव्यासापोटी स्वतःच्या मैत्रिणीला धडकते आणि तिला दोन मिनिटांसाठी मैदानाबाहेरच्या कठड्याआड बसवले जाते. तिथे तिचा श्वास अडकू लागतो. तिच्या डोक्यात हुसको फळ्याभोवती इतक्या वेगाने फिरू लागतो की नारिंगी वावटळच तयार होते, तिच्यात कोणाला शिरता येत नाही; आणि अखेर आनंद आत घुसते तेव्हा दिसते की, वावटळीच्या मधोमध हुसको फळ्यावर हात गोठून उभा आहे, डोळ्यांच्या कडेला एक थेंब आहे. हा काही खलनायक नव्हे, त्यालाही थांबता येत नव्हते, एवढे त्या एका चित्रातून समजते. आनंद त्याला फटकारत नाही. सोड, एवढेच सांगते. रायलीचा श्वास हळूहळू लयीवर येतो, बाहेरचे आवाज पुन्हा ऐकू येतात. मी सासूबाईंना सांगायचे विसरून शेजारी पाहिले, तर पुतणीने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या. बसमध्ये तिचे मत तिने एका वाक्यात सांगितले: “काकी, मला वाटायचं असं फक्त मलाच होतं.”

याच मुद्द्यावर दिरांचा आक्षेप होता, आणि तो मी इतर पालकांच्या तोंडूनही ऐकला. दीर गावातील मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतात; पोरांना मैदानात उतरवताना त्यांच्या मनातली भीती काढायची असते, तिला नाव देऊन कुरवाळायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. हसण्याखेळण्याचा चित्रपट म्हणून मुलांना न्यायचे आणि त्यांना श्वास कोंडलेली मुलगी दाखवायची, हे त्यांना पटले नाही. त्यांच्या म्हणण्यातील तळमळ मला समजते, पण मला त्यांचे पटत नाही. नाव नसलेली गोष्ट मुलाला स्वतःचाच दोष वाटते. आमच्या शाळेत परीक्षेच्या सकाळी पोटात दुखते म्हणून येणारी मुले पाहिली आहेत. ती खोटे बोलत नसतात, त्यांना फक्त ‘पोट’ हाच शब्द ठाऊक असतो.

दिग्दर्शक केल्सी मान यांचा हा पहिलाच दीर्घ चित्रपट. पहिला भाग पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केला होता. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर यांचा सल्ला दोन्ही भागांसाठी घेतला गेला, आणि या भागासाठी किशोरवयीन मुलींच्या मनाविषयी लिहिणाऱ्या लिसा डेमोर यांचाही. त्या सल्ल्याची खूण मला श्रद्धांच्या तळघरात दिसली. रायलीच्या डोक्याखाली एक शांत पाणवठा आहे. आठवणींचे गोळे त्यात सोडले की त्यांतून प्रकाशाच्या तारा वर येतात, आणि त्या तारांतून ‘मी चांगली आहे’ असा तिचाच आवाज ऐकू येतो. आनंद फक्त गोड आठवणी तिथे ठेवते आणि नकोशा आठवणी नळीतून दूर मनाच्या मागच्या टोकाला फेकून देते. हुसको पुढे तिथे आपल्या आठवणी सोडतो आणि त्यांतून ‘मी पुरेशी चांगली नाही’ असा आवाज येऊ लागतो. माझ्या सहकारी शिक्षिकेला चित्रपटातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली: चूक हुसकोइतकीच आनंदचीही दाखवली आहे. मुलाने फक्त चांगलेच आठवावे म्हणून धडपडणारे आईवडील आणि शिक्षक यांच्यासाठी ते दृश्य आहे, असे ती म्हणाली, आणि मला त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

कल्पनाशक्तीच्या नगरीतील प्रसंगाचाही उल्लेख करायलाच हवा. रायली रात्री तळमळत पडलेली आहे आणि तिथे चित्रकारांची फौज ओळीने मांडलेल्या टेबलांपाशी बसून उद्या काय काय वाईट होईल याची चित्रे काढत आहे. पडद्यावरून हुसको त्यांना आणखी, आणखी असे बजावतो आहे. कचेरीच्या साध्या रूपकातून निद्रानाश इतका नेमका उभा करणे ही मोठी कामगिरी आहे. दुर्दैवाने आमच्या चित्रपटगृहाने मध्यंतर नेमके याच प्रसंगात, एका वाक्याच्या मधोमध केले. दीड तासाच्या चित्रपटाला मध्यंतराची मुळातच गरज नसते. तरीही घ्यायचेच असेल, तर ते कुठे घ्यावे याचा विचार चित्रपट आधी पाहून करता येतो. दिवे लागले, जाहिराती सुरू झाल्या, आणि पुन्हा अंधार झाल्यावर तो ताण परत जुळून यायला पाच मिनिटे गेली. वातानुकूलन इतके कडक होते की भिजून आलेल्या मुलांना अंगावर घ्यायला काही नसल्याने ती कुडकुडत होती. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी एक शाल जवळ ठेवावी.

माझ्या मुलाला यातले काहीही लागले नाही. त्याचे मत असे की, चित्रपट चांगला आहे, पण मधला भाग सर्वांत चांगला आहे. जुन्या पाच भावनांना बरणीत कोंडून तिजोरीत पाठवले जाते, तिथे त्यांना रायलीने लपवून ठेवलेली गुपिते भेटतात: लहानपणीच्या कार्टूनमधला सपाट चित्राचा कुत्रा, त्याची बोलकी कंबरपिशवी, आणि व्हिडिओ गेममधला एक देखणा योद्धा, ज्याला लढताना गोल गोल लोळण्याखेरीज फारसे काही जमत नाही. हा योद्धा लोळू लागला की चित्रपटगृहातील सगळी लहान मुले खिदळत होती. वेगवेगळ्या शैलींतील अॅनिमेशन एकाच चौकटीत वावरताना पाहणे डोळ्यांनाही सुखद आहे. कोपऱ्यात एक भलेमोठे काळोखे गुपितही उभे आहे; ते काय आहे हे श्रेयनामावली पूर्ण संपल्यानंतर कळते, म्हणून लगेच उठू नये. आमच्या रांगेतील निम्मे लोक तोवर बाहेर गेले होते.

शाब्दिक विनोद मात्र आपल्याकडे निम्म्याने वाया जातो. उपरोधासाठी असलेल्या इंग्रजी शब्दातच दरीसाठीचा शब्द दडलेला आहे, त्यावरून मनात उपरोधाची एक दरी कल्पिलेली आहे, जिच्या पलीकडून मारलेली प्रेमळ हाकही टोमणा होऊन पोहोचते. कल्पना फार सुंदर आहे. वयात येणाऱ्या मुलांच्या घरात अशी दरी असतेच. पण ही गंमत कानाशी कुजबुजून पोहोचवता आली नाही. मराठी रूपांतर झाले असते तर एखाद्या कसबी लेखकाने तिथे आपल्या टोमण्यांचा घाट बांधला असता, असे मनात आले. नाटकावर जीव टाकणाऱ्या या भूमीत तसे लिहिणारे आणि बोलणारे कलावंत नक्कीच आहेत.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिल्या भागात आनंद आणि दुःख नियंत्रण-कक्षाबाहेर फेकल्या जातात आणि मनाच्या प्रदेशांतून वाट काढत परत येतात. इथेही जुन्या भावना बाहेर फेकल्या जातात आणि परत येतात. प्रवासाचा साचा तोच आहे, टप्पे तेवढे बदलले आहेत. ज्यांनी पहिला भाग पाहिला आहे त्यांना मधली अर्धी घटका पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते. बिंग बाँग या काल्पनिक सवंगड्याने पहिल्या भागात जो चटका लावला, तसा चटका लावणारे पात्र इथे नाही, ही खंत मी किमान चार जणांकडून ऐकली. चार नव्या भावनांपैकी हुसको सोडला तर इतरांना हातभार लावण्यापलीकडे फारसे काम नाही. हेव्याला तर दोन-तीन प्रसंगांनंतर लेखक विसरूनच गेले असावेत असे वाटते. दुःख आणि ओशाळलेपण यांच्यात जुळणारे मुके सख्य हा या भागातला सर्वांत हळुवार धागा आहे, तो आणखी लांबवायला हवा होता. आईवडील या वेळी जवळजवळ अनुपस्थित आहेत. शिबिरामुळे ते स्वाभाविक असले, तरी घरी परतलेल्या रायलीशी त्यांचे खरे बोलणे पाहायला मला आवडले असते.

तरीसुद्धा पहिल्या भागाशी तुलना करून याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिला भाग रचनेने अधिक नेटका आहे, ऑस्करही त्यालाच मिळाले. हा भाग नामांकनापर्यंत पोहोचला. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना विचारा, ती बहुधा दुसराच निवडतील. जगभरात सुमारे १७० कोटी डॉलरची कमाई या चित्रपटाने केली, आणि ती केवळ लहान मुलांच्या तिकिटांवर झाली असेल असे मला वाटत नाही. आमच्या खेळाला मुले सोबत नसलेले कॉलेजवयीन गटही बरेच होते. अँड्रिया डॅट्झमन यांचे संगीत जुन्या सुरावटीला धरून ठेवत नव्या ठिकाणी तिला अस्वस्थ करते, हेही नोंदवावेसे वाटते.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना रंग आणि धावपळ आवडेल, पण नऊ-दहा वर्षांपासून पुढच्यांना हा चित्रपट खऱ्या अर्थाने लागू पडेल. पहिला भाग आधी पाहिलेला असावा. शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे आणि त्यांना आपल्या बोलीत सांगत पाहावा. चित्रपटगृहांतून तो केव्हाच उतरला असला, तरी घरी जिओहॉटस्टारवर इंग्रजी आणि हिंदीत पाहता येतो, आणि घरी मध्यंतर आपल्या हातात असते.

शेवटी हुसकोला फळ्यापासून दूर, एका आरामखुर्चीत बसवले जाते आणि हातात गरम चहाचा पेला दिला जातो. त्याला हाकलून दिलेले नसते. पुढे पावसाळ्यातच भजनाची तालीम सुरू झाली, तेव्हा पुतणी एका संध्याकाळी तंबोऱ्यापाशी बसून राहिली आणि म्हणाली, “आजी, हुसको आयला.” सासूबाई वाती वळत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “ताका कदेल (खुर्ची) दी. तूं गा.”